सौंदर्याची मोजपट्टी आणि हरवणारा आत्मसन्मान

बंगळुरू - शहराच्या मध्यवर्ती भागातील चिन्नास्वामी स्टेडियम देशभर ओळखले जाते ते क्रिकेटसाठी. मात्र २३ नोव्हेंबर १९९६ रोजी या मैदानाभोवती पडलेला पोलिसांचा वेढा क्रिकेटसाठी नव्हता. त्या रात्री येथे विश्वसुंदरी स्पर्धेची अंतिम फेरी पार पडली. जगातील ८८ देशांच्या तरुणी व्यासपीठावर होत्या, बाहेर निदर्शक होते आणि दोहोंच्या मध्ये हजारो पोलीस उभे होते. ग्रीसच्या इरिन स्क्लिवा हिच्या मस्तकावर मुकुट चढला आणि स्पर्धा निर्विघ्न पार पडल्याचे समाधान संयोजकांनी व्यक्त केले. पण स्त्रीच्या शरीराचे मोजमाप कोणी करावे, कोणत्या पट्टीने करावे आणि त्या पट्टीत न बसणाऱ्यांचे काय, हे त्या वेळी उपस्थित झालेले प्रश्न आजही अनुत्तरित आहेत. किंबहुना, मधल्या काळात ती मोजपट्टी स्टेडियमच्या व्यासपीठावरून उतरून प्रत्येकाच्या हातातील मोबाईलमध्ये येऊन बसली आहे.

सौंदर्याच्या कल्पना माणसाच्या आत्मसन्मानावर कसा परिणाम करतात, याचा विचार आपल्याकडे बहुधा दोनच प्रसंगी होतो. एक, एखादी स्पर्धा किंवा जाहिरात वादात सापडली की. दुसरे, एखाद्याचा जीव गेला की. या दोन टोकांच्या मध्ये जे रोज, घराघरांत आणि शाळा-कचेऱ्यांत घडत असते, ते मात्र चर्चेबाहेर राहते. बंगळुरूचा गेल्या तीन दशकांचा अनुभव या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

१९९६ चा वाद काय होता?

१९९१ मध्ये देशाने आर्थिक उदारीकरणाचा मार्ग स्वीकारला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९४ मध्ये, सुश्मिता सेन 'मिस युनिव्हर्स' आणि ऐश्वर्या राय 'मिस वर्ल्ड' झाली. एकाच वर्षी मिळालेल्या या दोन मुकुटांनी सौंदर्यस्पर्धा हा मध्यमवर्गीय घरांतही अभिमानाचा विषय बनला. त्यापूर्वी १९६६ मध्ये मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत वाढलेल्या रीटा फारिया यांनी विश्वसुंदरीचा किताब मिळवणारी पहिली आशियाई तरुणी होण्याचा मान मिळवला होता. परंतु त्या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या आणि किताबाचे वर्ष संपताच मॉडेलिंग सोडून त्यांनी डॉक्टरकी पत्करली. १९९४ नंतर चित्र पालटले. किताब हा स्वतंत्र व्यवसायाचा प्रारंभबिंदू ठरू लागला आणि त्याभोवती प्रसाधने, व्यायामशाळा व प्रशिक्षण वर्ग यांची बाजारपेठ उभी राहिली.

या पार्श्वभूमीवर अमिताभ बच्चन यांच्या 'एबीसीएल' या कंपनीने १९९६ ची विश्वसुंदरी स्पर्धा बंगळूरला आणली. पंतप्रधानपदी कर्नाटकचेच एच. डी. देवेगौडा होते आणि राज्यात जे. एच. पटेल मुख्यमंत्री होते. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नाव कमावू लागलेल्या शहराला जगासमोर मांडण्याची ही संधी आहे, अशी सरकारची भूमिका होती. विरोध मात्र दोन भिन्न दिशांनी झाला. स्पर्धा भारतीय संस्कृतीचा अपमान आहे, असे परंपरावादी संघटनांचे म्हणणे होते. डाव्या विचारांच्या स्त्री संघटनांचा आक्षेप स्त्रीदेहाचे बाजारीकरण होण्यावर होता. प्राध्यापक एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने त्यात बहुराष्ट्रीय कंपन्यांचे आक्रमण पाहिले. काही महिला कार्यकर्त्यांनी आत्मदहनाचा इशारा दिला. मदुराई येथे एका तरुणाने या स्पर्धेच्या निषेधार्थ खरोखरच स्वतःला जाळून घेतले. प्रकरण न्यायालयातही गेले आणि पोहण्याच्या पोशाखातील फेरी भारतात न घेता सेशेल्स बेटांवर उरकण्यात आली.

आज मागे वळून पाहता त्या वादातील एक उणीव ठळकपणे जाणवते. एका बाजूने स्त्रीचे शरीर हे राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे प्रतीक मानले, दुसऱ्या बाजूने संस्कृतीच्या पावित्र्याचे. बाजाराचा मुद्दा मांडणाऱ्यांचा आवाज या गदारोळात क्षीण झाला. दूरचित्रवाणीवर हा सोहळा पाहणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभे राहताना काय वाटेल, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही.

पडद्यावरील देह आणि मनातील देह

हा प्रश्न भाबडा नाही. योगायोगाने त्याच सुमारास पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर त्याचे उत्तर शोधले जात होते. फिजीच्या समाजात भरदार देह हे आरोग्याचे व सुबत्तेचे लक्षण मानले जाई. तेथील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्यासंबंधीच्या विकृत सवयी दर्शविणाऱ्या चाचणीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुलींचे प्रमाण तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या, दुसऱ्या पाहणीत त्यांचे प्रमाण ११.३ टक्के आढळले. अशा पाहणीवरून केवळ दूरचित्रवाणीलाच दोषी ठरवता येणार नाही, कारण त्या काळात फिजीचा समाज इतर अंगांनीही बदलत होता. तरीही पडद्यावरील देह मनातील देहाची प्रतिमा किती वेगाने बदलू शकतो, याचा हा बोलका पुरावा मानला जातो.

यामागील मानसिक प्रक्रियाही अभ्यासकांना अपरिचित नाही. माणूस स्वतःची किंमत इतरांशी तुलना करून ठरवतो, असा सिद्धान्त अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडला होता. पूर्वी ही तुलना गल्लीतल्या, वर्गातल्या किंवा नात्यातल्या चार-दोन जणींशी होई. आता ती रोज शेकडो निवडक आणि संगणकावर सुधारलेल्या छायाचित्रांशी होते. २०२१ मध्ये 'फेसबुक' कंपनीच्या अंतर्गत संशोधनाचे जे कागद प्रसिद्ध झाले, त्यांत आधीच स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी 'इन्स्टाग्राम'मुळे ते वाईट वाटणे अधिक वाढते, असे सांगितल्याची नोंद होती. विश्वसुंदरी स्पर्धा वर्षातून एकदा होते. ही स्पर्धा दिवसातून कितीही वेळा होते आणि तिच्यात परीक्षक व पराभूत स्पर्धक अशा दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात.

रंगाचा बाजार

भारतात या मोजपट्टीवरील सर्वांत जुनी खूण रंगाची आहे. महाराष्ट्राचे आराध्य दैवत सावळे आहे, महाभारतातील द्रौपदी कृष्णवर्णी आहे. असे असूनही सून पाहताना 'गोरी' हा शब्द अग्रक्रमाने येतो, हा विरोधाभास नवा नाही. वर्तमानपत्रांतील 'वधू पाहिजे' या स्तंभात उंची, रंग व बांधा ही त्रिसूत्री पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. मुलगी जरा उजळ नसली तर 'नाकीडोळी नीटस' असे म्हणून वेळ निभावून नेली जाते. या शब्दांत वरकरणी कौतुक असले, तरी मुलीला त्यातील अभाव बरोबर ऐकू येतो.

या मानसिकतेवर बाजार उभा राहिला. हिंदुस्तान लिव्हर कंपनीने १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले. चेहरा उजळताच नोकरी आणि वर दोन्ही मिळतात, असे सुचविणाऱ्या जाहिरातींविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या. २००३ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या हस्तक्षेपानंतर वादग्रस्त जाहिराती मागे घेण्यात आल्या. २००५ मध्ये पुरुषांसाठीचे उजळपणाचे क्रीमही आले आणि न्यूनगंडाच्या बाजारात लिंगभेद उरला नाही. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक परिषदेने सावळ्या रंगाच्या व्यक्तीला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असे निर्देश दिले. अखेर २०२० मध्ये, अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद जगभर उमटत असताना, या उत्पादनाच्या नावातील 'फेअर' हा शब्द वगळून 'ग्लो' हा शब्द घालण्यात आला. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली.

शब्द बदलले, याचे स्वागतच केले पाहिजे. पण मागणी बदलली का, हा खरा प्रश्न आहे. नामांकित कंपन्यांची भाषा सौम्य झाली, तरी नाव-गाव नसलेल्या क्रीमची विक्री थांबली नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातून आलेली बातमी या दृष्टीने धक्कादायक होती. गोरेपणासाठी वापरलेल्या क्रीममुळे एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आढळले आणि तपासणीत त्या क्रीममध्ये पारा असल्याचे उघड झाले. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, त्यामुळे चेहरा काही दिवस उजळ दिसतो. मात्र तोच पारा त्वचेतून रक्तात व तेथून मूत्रपिंडांत पोहोचतो. स्टिरॉइडयुक्त मलमांचीही कथा अशीच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना गोरेपणासाठी त्यांचा सर्रास वापर होत असल्याचे लक्षात आल्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आणले.

नोकरी, लग्न आणि शस्त्रक्रिया

बाह्यरूपाविषयीची चिंता म्हणजे केवळ वयातील चंचलता, असे मानून ती उडवून लावणे सोपे असते. वस्तुस्थिती अशी की, समाजाने रूपाला प्रत्यक्ष आर्थिक मोल दिले आहे. विमान कंपन्यांचे उदाहरण पुरेसे आहे. हवाई सेविकेची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपविण्याचा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा प्रकरणात रद्द ठरवला. पण वजनाविषयीचे नियम २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वैध मानले आणि जानेवारी २००९ मध्ये तेव्हाच्या या सरकारी कंपनीने वजन जास्त असलेल्या काही हवाई सेविकांना सेवेतून कमी केले. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शारीरिक क्षमता आवश्यक असते, हा युक्तिवाद रास्त आहे. मात्र क्षमता मोजायची की आकार, यातील सीमारेषा तेथे पुसट झाली, असे म्हणावे लागेल.

बंगळुरू हे अशा दबावाचे आजचे केंद्र म्हणता येईल. देशभरातून येथे तरुण-तरुणी नोकरीसाठी येतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेल्या मराठी मुला-मुलींची संख्याही त्यात लक्षणीय आहे. घरापासून दूर असताना, नव्या भाषेच्या शहरात, पहिली ओळख रूपावरूनच होते. सेवाक्षेत्र, मनोरंजन, आतिथ्य या व्यवसायांत 'प्रेझेंटेबल' या एका शब्दात बरेच काही न बोलता मागितले जाते.

या दबावाचे टोक मे २०२२ मध्ये दिसले. बंगळुरूतील एका खासगी रुग्णालयात चरबी कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कन्नड दूरचित्रवाणी मालिकांतील अवघ्या २१ वर्षांच्या अभिनेत्रीचा मृत्यू झाला. शस्त्रक्रियेविषयी पालकांना पूर्वकल्पना नसल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया ही किरकोळ बाब नव्हे. रक्तवाहिनीत चरबीचा कण अडकणे, फुप्फुसांत पाणी साचणे, भुलीची गुंतागुंत होणे असे धोके तिच्यात असतात. शिवाय वजन घटविण्याचा तो उपायही नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया व केशरोपण कोणी करावे, याबाबत मार्गदर्शक सूचना जारी केल्या. चित्रफिती पाहून घेतलेले ज्ञान म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे आयोगाला त्यात स्पष्ट करावे लागले, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

न्यायालयांची दोन उत्तरे

रूपावरून होणारा अपमान सर्वांत खोल जातो तो घरात. कायदा त्याकडे कसा पाहतो? या प्रश्नाला अलीकडच्या काळात दोन उच्च न्यायालयांनी दिलेली उत्तरे उद्‌बोधक आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बंगळुरूतील एका पतीला घटस्फोट मंजूर केला. पत्नी आपल्या काळ्या रंगावरून सतत हिणवते, अशी त्याची तक्रार होती. कुटुंब न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला होता. उच्च न्यायालयाने मात्र रंगावरून केलेला अपमान आणि तो झाकण्यासाठी पतीवर केलेले अनैतिक संबंधांचे निराधार आरोप ही क्रूरताच आहे, असा निर्वाळा दिला. याउलट जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातील एका जुन्या प्रकरणात पतीची निर्दोष मुक्तता केली. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला पत्नीचा छळ केल्याबद्दल व आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल दोषी धरले होते. पत्नीच्या रंगावरून किंवा स्वयंपाकावरून मारलेले टोमणे हे घरगुती कलहाच्या स्वरूपाचे असून फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या क्रूरतेच्या पातळीला ते पोहोचत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले.

हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटले, तरी कायद्याच्या दृष्टीने तसे नाहीत. विवाह मोडण्यासाठी लागणारा पुरावा आणि एखाद्याला तुरुंगात पाठविण्यासाठी लागणारा पुरावा यांत मोठे अंतर आहे आणि ते असलेही पाहिजे. पण सामान्य नागरिकाला त्यातून मिळणारा धडा अस्वस्थ करणारा आहे. ज्याच्याकडे नोकरी, वकील आणि नात्यातून बाहेर पडण्याची शक्ती आहे, त्याला रंगावरच्या टोमण्यांची दाद मिळू शकते. जिच्याकडे यांपैकी काहीच नाही, तिच्या बाबतीत ते टोमणे 'घरगुती' ठरतात. कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे समाजालाच पोहोचावे लागते, हाच याचा अर्थ.

सडपातळ म्हणजे निरोगी?

सौंदर्याचे मापदंड झुगारा, असे म्हणताच एक आक्षेप हमखास घेतला जातो. वजन हा केवळ दिसण्याचा विषय नाही, मधुमेह व हृदयविकार यांचा तो प्रश्न आहे, असा हा आक्षेप. तो खोटा नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे. परंतु त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आणि ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचेही दिसून आले. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, तेथे मुलीने रात्रीचे जेवण सोडून सडपातळ होणे हा आरोग्याचा कार्यक्रम असू शकत नाही. आरोग्याची मोजपट्टी आणि सौंदर्याची मोजपट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली डॉक्टरच्या खोलीत उपयोगी पडते. दुसरी लग्नाच्या मांडवात, वर्गात आणि कचेरीत चालते. टोमणे मारून कोणाचे वजन कमी होत नाही. उलट, लाजेपोटी अनेक जण डॉक्टरकडे जाण्याचेच टाळतात.

उपाय कोठे?

काही देशांनी कायद्याचा मार्ग चोखाळला आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून संगणकावर बदललेल्या देहाचे व्यावसायिक छायाचित्र तसे नमूद करूनच छापावे लागते. नॉर्वेनेही २०२२ पासून तसाच नियम केला. भारतात २०२० मध्ये केंद्र सरकारने गोरेपणाचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींसाठी जबर दंड व तुरुंगवासाची तरतूद सुचविणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वेही आणली. नियम आवश्यक आहेतच. त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीपर्यंत आणि गल्लीतील ब्यूटी पार्लरच्या फडताळापर्यंत पोहोचते की नाही, यावर त्यांचे यश अवलंबून राहील.

मनाच्या बाजूने पाहता, या क्षेत्रातही बंगळुरूचे नाव घ्यावे लागते. येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था म्हणजेच 'निम्हान्स'ने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापराने त्रस्त झालेल्यांसाठी स्वतंत्र उपचार केंद्र सुरू केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेची मध्यवर्ती जबाबदारीही याच संस्थेकडे आहे. १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळते. जेवण वारंवार टाळणे, आरशासमोर तासन्‌तास घालविणे किंवा आरसाच टाळणे, छायाचित्र काढू न देणे, समारंभांना जाण्याचे सोडून देणे ही लक्षणे दिसल्यास त्यांना 'वयाचे नखरे' न समजता मदत घेणे इष्ट, असे मानसोपचार क्षेत्रात मानले जाते.

तथापि, सर्वांत मोठा उपाय सरकारच्या हाती नाही. तो जेवणाच्या पंगतीत, बारशाला आणि कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आहे. बाळ पाहायला आलेल्या पाहुण्याचे पहिले वाक्य रंगाविषयी असते आणि वर्षभराने भेटलेल्या भाचीला पहिला प्रश्न वजनाविषयी विचारला जातो. बोलणारा ते क्षणात विसरतो. ऐकणारी मात्र ते वर्षानुवर्षे सोबत बाळगते.

विश्वसुंदरी स्पर्धा बंगळूरनंतर २०२४ मध्ये मुंबईत आणि २०२५ मध्ये हैदराबादेत पुन्हा भारतात झाली. पोहण्याच्या पोशाखातील फेरी संयोजकांनी दशकभरापूर्वीच बंद केली आहे. १९९६ सारखा राष्ट्रीय वाद या वेळी उसळला नाही. याचा अर्थ प्रश्न सुटला, असा कोणी काढू नये. त्या वर्षी परीक्षक मोजके होते, ते सर्वांना दिसत होते आणि त्यांच्याविरुद्ध घोषणा देता येत होत्या. आता परीक्षक घराघरांत आहेत. त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. ज्याने-त्याने आपल्या हातातील मोजपट्टी खाली ठेवणे, एवढाच मार्ग उरतो.